लाखांची सभा, आठ हजार खुर्च्यांत

(नव्याने नेमलेल्या तालुका प्रसिद्धिप्रमुखांसाठी दहा पायऱ्यांची मार्गदर्शिका)

अभिनंदन! पक्षाने तुम्हाला प्रसिद्धिप्रमुख केलं आहे. लेटरहेड छापून झालं असेल. चौकात फ्लेक्सही लागला असेल, आणि त्यावर तुमचा फोटो खालून दुसऱ्या ओळीत, कोणाच्या तरी खांद्याआड असेल. आता खऱ्या कामाला लागा. येत्या रविवारी बाजार समितीच्या पटांगणात साहेबांची सभा आहे. ती संपायच्या आत वार्ताहर तुम्हाला गाठून एकच प्रश्न विचारणार आहे, "माणसं किती होती हो?"

'भरपूर' हे उत्तर चालत नाही. आकडा लागतो. दहावीला गणितात तुम्हाला पस्तीस पडले होते हे आम्हाला ठाऊक आहे. मनाला लावून घेऊ नका. गुणाकार येणारी माणसं या पदावर आम्ही मुद्दामच घेत नाही. तुम्हाला फक्त शून्यं लिहिता आली पाहिजेत.

१. मैदानाची लांबी-रुंदी विसरून जा

पटांगण लांबीला शंभर मीटर आणि रुंदीला साठ मीटर आहे, हे कोणीही पावलं टाकून सांगेल. म्हणून तिथे कोणाला पावलं टाकू देऊ नका. एकदा ६,००० चौरस मीटर हा आकडा बाहेर पडला की खेळ संपला. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं म्हणजे चांगलीच दाटी. त्या हिशेबाने व्यासपीठ, झाडं, स्वच्छतागृह सगळं उचलून बाहेर ठेवलं आणि सगळ्यांना उभं केलं, तरी २४ हजारांवर गाडी जात नाही.

तुम्ही जाहीर करणार आहात दोन लाख. भागाकार आम्हीच करून देतो: चौरस मीटरला ३३ माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला चहाच्या बशीएवढी जागा. एवढ्या जागेत निष्ठावंत कार्यकर्ता एका पायावर उभा राहीलही, पण त्याला टाळ्या वाजवता येणार नाहीत.

२. जेकब्ज नावाच्या गृहस्थापासून सावध राहा

हर्बर्ट जेकब्ज हे अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकवायचे. १९६०च्या दशकात विद्यार्थ्यांची आंदोलनं त्यांच्या खिडकीखालच्या चौकात व्हायची आणि त्या चौकाची फरशी नेमकी चौकटी-चौकटींची होती. या माणसाने काय करावं? काही चौकटींतली डोकी मोजली, सरासरी काढली आणि माणसांनी भरलेल्या चौकटींच्या संख्येने गुणलं. झाला अंदाज. त्यातून त्यांनी ठोकताळे बसवले: विरळ गर्दीत माणशी दहा चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी अंगाला अंग लागलं तर अडीच.

हे ठोकताळे आपल्या व्यवसायाला किती मारक आहेत ते दादरच्या शिवाजी पार्कवर पाहा. पार्क साधारण २८ एकरांचं. एकराला ४३,५६० चौरस फूट, म्हणजे एकूण बारा लाख चौरस फुटांच्या आसपास. विरळ गर्दी धरली तर सव्वा लाखाच्या आत, दाट धरली तर पावणेतीन लाख, आणि श्वास कोंडेपर्यंत दाबून भरली तरी पाच लाखांच्या आत. तेही जिमखाने, झाडं आणि खुद्द व्यासपीठ यांच्यावरही माणसं उभी आहेत असं धरून. आजवर तिथे 'दहा लाखांच्या' सभांच्या घोषणा ज्यांनी केल्या, त्यांनी भूमितीवर केवढा विजय मिळवला ते लक्षात घ्या आणि नम्र व्हा.

तुमच्या पटांगणावर चौकटींची फरशी नाही, माती आहे. ती तशीच राहू द्या. पेव्हर ब्लॉक बसवायची मागणी कोणी केली तर तिला ठाम विरोध करा.

३. आकडा वाढवू नका, शून्य वाढवा

नवशिके इथेच फसतात. आठ हजार माणसं आली तर ते भीतभीत 'बारा हजार' म्हणतात. बारा हजार ही थाप आहे, कारण ती तपासावीशी वाटते. दोन लाख हा उत्साह आहे. उत्साह कोणी तपासत नाही.

याचं शास्त्र समजून घ्या. प्रामाणिक अंदाज बांधणारे लोक दहाच्या घातांत विचार करतात: दहा, शंभर, हजार, दहा हजार, लाख. नेमका आकडा त्यांना नको असतो, शून्यं किती तेवढं कळलं की पुरे. एनरिको फर्मी हे या पंथाचे गुरू. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुबॉम्ब फुटला, तेव्हा दूर उभं राहून त्यांनी हातातले कागदाचे कपटे सोडले. धक्क्याच्या लाटेने ते किती लांब जाऊन पडले त्यावरून स्फोट दहा हजार टन टीएनटीचा असल्याचा अंदाज त्यांनी सांगितला. पुढच्या मोजणीत तो वीस हजारांच्या थोडा वर निघाला. म्हणजे दुपटीने चुकले, पण शून्यं बरोबर आली. कागदाच्या कपट्यांवर!

या लोकांचा आणखी एक नियम आहे. दहाच्या जवळच्या घातावर आकडा नेताना हद्द ३.१६ ची धरायची, कारण ३.१६ ला ३.१६ ने गुणलं की दहा होतात. त्याच्या खालचं खाली ओढायचं, वरचं वर न्यायचं. त्यामुळे आठ हजारांचे दहा हजार करायला विज्ञानाची पूर्ण मुभा आहे. इथपर्यंत फर्मी तुमच्या पाठीशी आहेत. पुढचा प्रवास एकट्याने करायचा आहे. तो असा:

आठ हजार.
दहा हजार.
दहा हजारांच्या वर.
लाखाच्या घरात.
लाखाच्या वर.
दोन लाख.

प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपासून अगदी जवळ आहे. म्हणूनच चढताना दम लागत नाही.

४. तुलना करू देऊ नका

सुटा आकडा निरुपद्रवी असतो. तो दुसऱ्या आकड्याशेजारी उभा राहिला की बोलायला लागतो. मुंबईचं वानखेडे स्टेडियम खच्चून भरलं तर ३३ हजारांच्या आसपास माणसं बसतात. म्हणजे तुमच्या दोन लाखांत सहा वानखेडे. ती सहाही बाजार समितीच्या पटांगणात, कांद्याच्या शेडला लागून. हे चित्र वार्ताहराच्या डोळ्यांपुढे उभं राहता कामा नये.

इंग्रजी वर्तमानपत्राचा प्रतिनिधी आला तर 'मिलियन' हा शब्द चुकूनही तोंडातून काढू नका. दोन लाख म्हणजे ०.२ मिलियन. एवढी मेहनत घेऊन सभेची सुरुवातच शून्याने.

५. येण्याजाण्याचा विषय टाळा

"एवढी माणसं आली कशी?" हा प्रश्न वरकरणी कौतुकाचा वाटतो. तो सापळा आहे. दोन लाख माणसं एसटीने आली असं म्हणालात, तर गाडीत पन्नास धरून चार हजार गाड्या लागतात. महामंडळाचा राज्यभरातला सगळा ताफाच पंधरा हजारांच्या आसपास. एक गाडी अकरा मीटरची धरली आणि बंपरला बंपर लावून उभ्या केल्या, तर रांग ४४ किलोमीटरची. ती जिल्ह्याच्या गावापर्यंत जाईल. आणि स्टँडसमोरचा चहावाला शपथेवर सांगेल की त्या दिवशी नेहमीच्या तीन गाड्या रद्द झाल्या, बाकी काही झालं नाही.

परतीचा हिशेब तर याहून घातकी. गर्दीची माणसं मीटरभर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला फार तर ऐंशी बाहेर पडतात. पटांगणाला चार-चार मीटरची दोन फाटकं आहेत, म्हणजे मिनिटाला ६४० माणसं. दोन लाख बाहेर पडायला सव्वापाच तास हवेत. साहेबांचं भाषण साडेनऊला संपलं, तर शेवटच्या माणसाने पहाटे पावणेतीनला फाटकाबाहेर पाय ठेवायला हवा. तुमचं पटांगण साडेबारा मिनिटांत रिकामं होणार आहे. साडेबारा गुणिले ६४० किती होतात ते कृपया काढू नका. आम्ही काढलं, आठ हजार येतात.

६. पाण्याच्या टँकरवर ताडपत्री टाका

एप्रिलमधली सभा. माणशी अर्धा लिटर पाणी धरलं तरी दोन लाख माणसांना एक लाख लिटर लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर. तुम्ही एकच सांगणार आहात, आणि तोही निम्म्याहून जास्त भरलेला परत जाईल. टँकरवाल्याचं पोरगं वाटेत उरलेलं पाणी डाळिंबाच्या बागेत सोडेल. बातमी मात्र 'रणरणत्या उन्हात लाखोंचा जनसागर' अशी येणार आहे. तेव्हा सागर पाण्याविना होता, हे कोणाच्या ध्यानात येऊ नये याची काळजी घ्या.

७. फोटो खालून, व्हिडिओ समोरून

फोटोग्राफरला व्यासपीठाच्या पहिल्या पायरीवर बसवा. तिथून पहिल्या दहा रांगांच्या मागे नुसती डोकी दिसतात आणि डोक्यांच्या मागे क्षितिज. लांब पल्ल्याची लेन्स असेल तर उत्तम. ती मागची माणसं पुढच्यांना चिकटवून दाखवते. जास्त उंचीवर चढू देऊ नका. उंचीवरून माणसांमधली जागा दिसते.

ड्रोन फक्त एकाच वेळी उडवा: साहेब येतात आणि सगळे उठून पुढे धावतात तेव्हा. धावून झाल्यावर ड्रोन खाली उतरलेला असला पाहिजे.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा. अंधार पडल्यावर 'सगळ्यांनी मोबाईलचे टॉर्च लावा' असं सूत्रसंचालकाला म्हणू देऊ नका. दृश्य सुंदर दिसतं, खरं आहे. पण अंधारातले दिवे मोजता येतात.

८. मोजणाराच उरू देऊ नका

वॉशिंग्टनमध्ये १६ ऑक्टोबर १९९५ रोजी 'मिलियन मॅन मार्च' झाला. नावातच आकडा होता. आयोजकांचा आत्मविश्वास बघा. तिथल्या सरकारी नॅशनल पार्क सर्व्हिसने गर्दीचा अंदाज चार लाख सांगितला. आयोजक म्हणाले पंधरा ते वीस लाख, आणि त्यांनी कोर्टात खेचायची धमकी दिली. मग बोस्टन विद्यापीठातल्या फारूक अल-बाझ यांच्या गटाने हवाई छायाचित्रांवरून अंदाज काढला. तो सुमारे ८ लाख ३७ हजार आला, वीस टक्के इकडे किंवा तिकडे.

तीन आकडे समोर आले की शहाणा माणूस काय करेल? मोजण्याची पद्धत सुधारेल. अमेरिकी संसदेने त्याहून शहाणपण दाखवलं. पुढच्या वर्षी तिने गर्दी मोजण्यासाठी पार्क सर्व्हिसला पैसे देणंच बंद केलं. तेव्हापासून तिथल्या सभांना कोणताही आकडा लावायची सोय आहे. अशी दूरदृष्टी आपल्याकडे यायला वेळ लागेल. तोवर गोपनीय शाखेच्या हवालदाराला चहा पाजत राहा.

९. कोणाला कोणता आकडा सांगायचा, याची चिठ्ठी खिशात ठेवा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. इथे चुकलात तर पद गेलं. एकाच सभेचे निदान चार आकडे असतात आणि ते एकमेकांना कधीही भेटता कामा नयेत.

पोलीस ठाण्यातल्या परवानगीच्या अर्जावर: पाच हजार. जास्त लिहिलंत तर जास्त फाटकं, जास्त स्वच्छतागृहं, रुग्णवाहिका, अग्निशमनाचा बंब, सगळं मागतील. चौरस मीटरला पाच-सहा माणसांच्या पुढे गर्दी गेली की चेंगराचेंगरीचा धोका सुरू होतो, हे पोलिसांना माहीत असतं. तुमच्या दोन लाखांवर त्यांनी खरोखर विश्वास ठेवला, तर ते सभा होऊच देणार नाहीत. तेव्हा त्यांच्या अविश्वासाचे आभार माना.

व्यासपीठावरून: दोन लाख. माइक हातात असताना आकड्याला खर्च नसतो.

निवडणुकीच्या खर्चाच्या नोंदवहीत: तीन हजार. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा ४० लाखांची. आयोगाचं व्हिडिओ पथक सभेत फिरून खुर्च्या, मंडप, गाड्या यांचं चित्रण करतं आणि जिल्ह्यात ठरलेल्या दराने एकेका खुर्चीचं भाडं उमेदवाराच्या नावावर लावतं. काल ज्या साहेबांनी 'नजर जाईल तिथवर माणूसच माणूस' म्हणून हात पसरले होते, तेच आज खर्च निरीक्षकांसमोर, "मागच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या हो," असं कळवळून सांगतील. तेव्हा हसू नका. साहेब आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलत असतात आणि नेमकं तेव्हाच त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

चौथा आकडा मंडपवाल्याचा. त्याच्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण तालुक्यात अंदाज न बांधणारा तो एकटाच आहे.

सभा संपल्यावर तासाभराने पटांगणात जा. हॅलोजन अजून चालू असतील. दोन पोरं खुर्च्या एकात एक घालत थप्प्या रचत असतील, वीस-वीसच्या. प्रत्येक थप्पीला सुतळीचा वेढा. पुढच्या टोकाला चुलीएवढी राख झालेल्या फटाक्यांच्या माळा, झेंड्यांच्या काठ्या, गुटख्याच्या पुड्या. मंडपवाला टेम्पोच्या फाळक्यापाशी उभा, हातात शाळेची वही. पोरगं ओरडतं, "तीनशे ब्याण्णव!" तो वहीत रेघ मारतो. मग आणखी एक अर्धवट थप्पी येते. तो ती स्वतः मोजतो, बोट लावून. अकरा. मोडक्या बाजूला टाकलेल्या, त्याही मोजतो.

"आठ हजार लावल्या होत्या, भाऊ," तो तुम्हाला म्हणेल. "सात हजार आठशे एक्कावन्न आल्या. चाळीस मोडल्यात. एकशे नऊ कुठायत?"

तुम्ही हसून म्हणाल, "अहो, दोन लाखांच्या गर्दीत शंभर खुर्च्या इकडेतिकडे होणारच."

तो वही मिटणार नाही. "गर्दी किती होती ते तुम्ही पेपरवाल्याला सांगा. मला खुर्च्यांचं सांगा."

वाद घालू नका. जिथे पैसे मोजायचे असतात तिथे शून्य लावता येत नाही, हा या शास्त्रातला एकमेव नियम आहे, आणि तो मंडपवाल्याला कोणी शिकवावा लागलेला नाही. एकशे नऊचे पैसे द्या, पावतीवर 'किरकोळ' लिहून घ्या.

१०. पुढच्या वर्षाची तयारी

आकडा एकदा छापून आला की तो तुमचा राहत नाही. तो उच्चांक होतो, आणि उच्चांक मोडावा लागतो. विरोधकांनी त्याच पटांगणात सभा घेतली तर तेही मागे हटणार नाहीत. त्यांचे प्रसिद्धिप्रमुख ही मार्गदर्शिका वाचत नसतील असं समजू नका. आम्ही ती दोघांनाही विकली आहे.

विरोधकांच्या गर्दीला मात्र आतापर्यंतची सगळी पथ्यं उलटी लावा. पावलं टाका, माणशी दहा चौरस फूट धरा, ड्रोन उंच न्या, टँकर उघडून पाहा, टॉर्च मोजा. जेकब्ज यांचं नाव आदराने घ्या. बाजार समितीचं ते पटांगण तुमच्या सभेला पुरलं नव्हतं आणि त्यांच्या सभेला अर्धं रिकामं होतं, हे दोन्ही एकाच आठवड्यात, न चाचरता सांगता आलं पाहिजे.

शेवटी दूरवरचं नियोजन. दर वर्षी एक शून्य वाढवायची शिस्त पाळलीत, तर या वर्षी दोन लाख, पुढच्या वर्षी वीस लाख, तिसऱ्या वर्षी दोन कोटी आणि चौथ्या वर्षी वीस कोटी. २०११च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे चौथ्या वर्षी दुधाच्या बाळापासून अंथरुणावरच्या आजीपर्यंत सगळं राज्य पटांगणात आणून बसवलं तरी सभा जवळजवळ निम्मी रिकामी दिसणार.

घाबरू नका. त्या वर्षी पक्ष बदला. नव्या पक्षात उच्चांक पहिल्यापासून सुरू होतो. मंडपवाला मात्र तोच ठेवा.